बागायतदाराची पाटी आणि वही

बोलणाऱ्याची बोरेसुद्धा खपतात, असे आपल्याकडे म्हणतात. मग न बोलणाऱ्याच्या आंब्याचे काय होते? तो दलालाच्या पेढीवर जातो, आणि पट्टीत लिहून येईल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो.

आज फेसबुक, इन्स्टाग्राम ही नावे खेडोपाडी ठाऊक झाली आहेत. त्यांच्या मागे मात्र काही साधी, फुकटची साधने झाकली गेली आहेत. त्यांच्याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. उदाहरणादाखल रत्नागिरीकडचा एक लहान बागायतदार घेऊ. पन्नाससाठ कलमे, आणि पेटी थेट पुण्या-मुंबईच्या घरात पोचवायची इच्छा.

पहिले साधन म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस. नेहमीच्या व्हॉट्सॲपहून हे वेगळे. 2018 साली निघाले. यात मालाची सूची लावता येते : फोटो, डझन, भाव. म्हणजे 'पेटी केवढ्याला?' या प्रश्नाला दिवसातून वीसदा उत्तर द्यायला नको. नेहमीची उत्तरे एकदाच लिहून ठेवता येतात. गिऱ्हाइकांच्या नावांना खुणा लावता येतात : 'नवी मागणी', 'पैसे यायचे', 'माल पोचला'. कोणी म्हणेल, ही तर आपली जुनी खतावणीच झाली! अगदी बरोबर.

दुसरे साधन ब्रॉडकास्ट यादी. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे बोलणे दिसते, आणि दुसरा विक्रेता तिथूनच गिऱ्हाइके उचलतो. यादीतून तोच निरोप ज्याला त्याला खासगी पत्रासारखा जातो. मात्र ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवला आहे, त्यालाच तो पोचतो. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाकावी : 'पुढच्या मोसमासाठी हा नंबर नावासह साठवून ठेवा.' आणि निरोपही बेताने धाडावेत. मोहर धरला, आढी घातली, पेट्या निघाल्या, एवढे पुरे. रोजच्या सुप्रभातला माणूस कंटाळतो.

तिसरे साधन गूगलच्या नकाशावरची नोंद. तिला पैसे पडत नाहीत. फक्त धंदा आपलाच आहे याची खातरजमा करून द्यावी लागते. मग कोकणात फिरायला आलेला पाहुणा 'जवळपास हापूस' असे शोधू लागला, तर आपली वाडी त्याला सापडू शकते. ही आपली रस्त्यावरची पाटीच समजा. तिथे लोक बरेवाईट लिहितात, त्यांना नम्रपणे उत्तर द्यावे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपण त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल, तर पाटीवर आणि सूचीत ते जरूर लिहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ज्यांनी तिथे हजारो चाहते जमवले होते, त्यांचा तिथला सारा गोतावळा तुटला. परक्याच्या अंगणात मांडलेला बाजार असा कधीही उठू शकतो. म्हणून गिऱ्हाइकांची नावे, नंबर आणि पत्ते घरच्या वहीत उतरून ठेवावेत. ही वही दुसऱ्या कोणाला देऊ नये. लोकांनी विश्वासाने दिलेली ती ठेव आहे.

पैशाच्या बाबतीतही सावध असावे. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतो, पिन टाका' असे कोणी म्हणाला, तर तो ठक समजावा. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. निबंधाच्या तासाला मुलांना घरच्या मालाचे वर्णन पन्नास शब्दांत लिहायला सांगा. आंबा असो, कोकम असो, की आईने लाटलेले पापड असोत. वर्णन खरे हवे, वजन आणि भाव स्पष्ट हवा. मुलांची भाषा सुधारेल, आणि त्यातला एखादा कागद घरच्या सूचीत जाऊन बसेल. माल आपला उत्तम आहेच; त्याच्याविषयी चार शब्द नीट बोलायला तेवढे शिकू या.