तीन दिवस, सहा वल्ही

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा घेणारी भाषणं बरीच झाली. म्हणून मी आज तुम्हांला पार पॅसिफिक महासागरात नेणार आहे. घाबरू नका, जेवणाच्या आत परत आणतो.

ताहिती बेटाचं नाव आपण ऐकलेलं असतं. त्याच्या वायव्येला हुआहिने, रायातेआ, ताहा आणि बोरा बोरा ही बेटं आहेत. प्रदेश फ्रान्सचा, माणसं पॉलिनेशियन. ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे होड्यांची एक मोठी शर्यत भरते, ‘हवाइकी नुई वाआ’. वाआ म्हणजे होडी आणि हवाइकी म्हणजे त्यांच्या पूर्वजांची मूळ भूमी. शर्यत सुरू झाली १९९२ साली, पण होडीची घडण शेकडो वर्षांची.

ही होडी आपल्याला परकी नाही. नोकरीत असताना मी काही वर्षं मालवणला होतो. तिथल्या होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी लाकडी ओंडका बांधलेला असतो. त्याला उलांडी म्हणतात. तिच्यामुळे अरुंद होडी कलंडत नाही. वाआचीही तीच युक्ती, उलांडी डाव्या बाजूला. सगळे उजवीकडे झुकले तर ती पाण्याबाहेर उचलली जाते आणि होडी पालथी होते.

शर्यत तीन दिवसांची. पहिल्या दिवशी हुआहिने ते रायातेआ, सुमारे ४५ किलोमीटर, उघडा समुद्र. दुसऱ्या दिवशी रायातेआ ते ताहा, सुमारे २६ किलोमीटर. हे पाणी प्रवाळाच्या कड्याच्या आतलं, शांत, त्यामुळे सगळी मदार वेगावर. तिसऱ्या दिवशी ताहा ते बोरा बोरा, सुमारे ५८ किलोमीटर. आदल्या दोन दिवसांनी अंग आंबलेलं असतं आणि सगळ्यांत लांबचा टप्पा तेव्हा येतो. पहिल्या येणाऱ्यांनाही त्याला चार तासांच्या आसपास लागतात. शेवट मातिरा किनाऱ्यावर होतो, तिथे माणसं कमरेइतक्या पाण्यात उभी राहून वाट बघतात.

होडीत सहा जण एकामागे एक बसतात. पहिला लय धरतो. मधले दणकट गडी होडी ओढतात. त्यांच्यातला एक हाक देतो, की सगळे एकदम वल्ह्याची बाजू बदलतात. दहा-पंधरा फटके डावीकडे, तेवढेच उजवीकडे. शेवटचा वल्ह्यानेच सुकाणू सांभाळतो आणि लाट मागून आली की तिच्यावर होडी चढवतो. आपल्याकडे त्याला तांडेल म्हणाले असते. पुढच्या पाचांना तो दिसत नाही. मागे वळून बघायला वेळही नसतो, विश्वासच ठेवावा लागतो.

हवाईच्या मोलोकाई शर्यतीत सोबतच्या बोटीतून ताजे गडी पाण्यात उतरतात आणि दमलेल्यांची जागा घेतात. इथे पुरुषांच्या शर्यतीत ती सोय नाही. सुटताना जे सहा, तेच वाळूला लागताना सहा. एकाने वल्हं आखडतं घेतलं तर त्याचं वजन बाकी पाचांनी ओढायचं. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत, त्याची थकबाकी दुसऱ्यांच्या खात्यावर.

आता परत येऊ या. गेल्या दोन्ही व्यवस्थापक समित्यांत तीच चार-पाच नावं आहेत. लिफ्टचा करार, टाकीची गळती, ऑडिटच्या शंका, सगळं त्यांच्याच हातून होतं. त्यातल्या दोघांनी सत्तरी ओलांडली आहे. निवडणूक तोंडावर आली आहे आणि मी हे बोलतोय त्या दिवसापर्यंत नव्या माणसाचा एकही अर्ज आलेला नाही. आपल्या मुलासुनांपैकी कितीतरी जण चाळिशीचे आहेत, हिशेब कळणारे, कायदा जाणणारे. त्यांना आज घरी गेल्यावर विचारा.

त्या समुद्रात वाटेत माणूस बदलता येत नाही. आपल्या उपविधीत येतो. मग बदलू या.