म्हणाला, बोलला, सांगितलं



दिवसभरात आपण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर किती वेळा घालतो, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. बाजारात कोण काय म्हणालं, गुरुजींनी शाळेत काय सांगितलं, सासूबाई काय बोलल्या. तिन्ही ठिकाणी तोंडातून शब्द निघाले, एवढंच खरं. तरी क्रियापदं तीन आहेत, आणि ती उगीच नाहीत.

'सासूबाई मला बोलल्या' असं लेक माहेरी सांगते, तेव्हा 'कशाबद्दल बोलल्या' हे आई नंतर विचारते. त्या रागावल्या हे तिला आधीच कळलेलं असतं. तीच लेक 'सासूबाई माझ्याशी बोलल्या' म्हणाली, तर आईचा जीव भांड्यात पडतो. क्रियापद तेच, फक्त 'मला'च्या जागी 'माझ्याशी' आलं. 'सांगणे' याचीही अशीच दोन तोंडं आहेत. गुरुजींनी गोष्ट सांगितली, ही माहिती. गुरुजींनी वही आणायला सांगितली, ही आज्ञा. आणि बांधावर उभा राहून शेजारी 'सांगून ठेवतो' म्हणाला, तर ती ना माहिती ना आज्ञा. ते काय असतं, हे आपणा शेतकरी मंडळींना मी काय सांगावं!

पण खरी गंमत आहे ती 'म्हणणे' या क्रियापदात. याचा पसारा फार मोठा. म्हण, म्हणजे, म्हणून, म्हणे ही सगळी त्याचीच लेकरं. 'पाऊस येईल म्हणून घोंगडी घेतली' हे वाक्य घ्या. पाऊस येईल असं कोण म्हणालं? कुणीच नाही. माणूस मनाशी म्हणाला, आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघाला. 'मी म्हटलं, आता काही तुम्ही येत नाही' हेही तसंच. तोंड बंद होतं, तरी 'म्हटलं'. मनातला विचारसुद्धा मराठी माणूस बोलण्याच्याच क्रियापदानं मांडतो. अक्कलकोटकडच्या श्रोत्यांना कानडीतलं 'अंत' ठाऊक असेल, देगलूर-किनवटकडच्यांना तेलुगूतलं 'अनी'. तेही शब्द त्या त्या भाषेतल्या 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदापासूनच निघालेले आहेत. शेजाऱ्यांच्या चालीरीती जुळतात, तशातलाच हा प्रकार.

आता 'म्हणे'. 'सोसायटीत घोटाळा झालाय म्हणे.' शेवटच्या या दोन अक्षरांनी बोलणाऱ्यानं आपलं अंग काढून घेतलं. मी पाहिलं नाही, मी ऐकलं. कुणाकडून ऐकलं तेही विचारू नका. मला हा शब्द प्रामाणिक वाटतो. निदान तो ऐकीव गोष्टीला ऐकीव म्हणतो. घोटाळा होतो तो पुढे. दुसरा माणूस तिसऱ्याला सांगताना 'म्हणे' गाळतो, आणि उरतं ते 'सोसायटीत घोटाळा झालाय'. हल्ली मोबाइलवर मजकूर एका बोटानं पुढे जातो, त्यात तर 'म्हणे' पहिल्याच मुक्कामाला गळून पडतं. कोर्टात मात्र ते गळत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही, सर्वसाधारण नियम असा की, ऐकलेल्या गोष्टीची साक्ष ज्यानं ती स्वतः ऐकली त्यानंच द्यावी.

कोर्ट दूर राहिलं, ग्रामसभा तर आपल्या दारात आहे. समजा, एक बाई उठून म्हणाली, 'आमच्या वस्तीवर चार दिवस नळाला पाणी नाही.' सभेचा वृत्तान्त लिहिणारे तिचं म्हणणं कसं उतरवतात, ते पाहा. 'माहिती दिली' असं लिहिलं, तर काम संपलं. माहिती मिळाली, आभारी आहोत. 'विचारणा केली' असं लिहिलं, तर तोंडी उत्तर दिलं की झालं. 'तक्रार केली' असं लिहिलं, तर त्या तक्रारीचं पुढे काय झालं, हे पुढच्या सभेत विचारता येतं. आणि 'पाणीप्रश्नावर चर्चा झाली' असं लिहिलं, तर ती बाईच कागदावरून नाहीशी होते. चर्चा झाली, कुणी केली, कुणास ठाऊक! म्हणून मागील सभेचा वृत्तान्त वाचून दाखवतात, तेव्हा तंबाखू मळत बसू नये. आपल्या नावापुढे कोणतं क्रियापद पडलं आहे ते ऐकावं, आणि चुकीचं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागावं. ते पटलावर कायम झाल्यावर वाद घालणं अवघड जातं.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सूचना. पाढे, कविता आपण मुलांकडून 'म्हणून' घेतो. म्हणताना शब्द दुसऱ्याचे असतात. नंतर 'आता तुझ्या शब्दांत सांग' म्हटलं, की घडाघडा म्हणणारं मूल पुष्कळदा गप्प होतं. अशा वेळी फळ्यावर एकच वाक्य लिहावं: 'बैल विकला.' बाबांनी हे घरी कसं सांगितलं असेल, ते प्रत्येकानं एकेका क्रियापदानं लिहावं. कुणी लिहील, बाबा पुटपुटले. कुणी लिहील, बाबांनी कबूल केलं. मग विचारावं, पुटपुटले तर का? कबूल केलं, तर आधी लपवलं होतं का? एखादं मूल 'बजावलं' असंही लिहील. त्यावर लगेच लाल रेघ मारू नका. बैल विकून झाल्यावर बाबा काय बजावणार, हे वर्गालाच ठरवू द्या.