तारखेची वेस

(वस्त्यांत काम करणाऱ्या तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आज एका शब्दावर बोलायचंय. शब्द आहे 'अपात्र'. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी हा शब्द सरकारी कागदावर छापून आलेला असेल. परिशिष्ट-दोन नावाची यादी लागते. अख्खी वस्ती तिच्यावर तुटून पडते. नावापुढं 'पात्र' असलं तर पेढे. 'अपात्र' असलं तर बाई तिथंच मटकन बसते. तिच्या शेजारणीच्या हातात पेढा असतो आणि दोघींच्या घरामधली भिंत एकच असते.

आपल्याला हा शब्द काही नवा नाही. देवळाला अपात्र, विहिरीला अपात्र, शाळेला अपात्र. आपल्या बापजाद्यांनी हेच ऐकलं. तेव्हा पुरावा पोथीत होता, आता लाईटबिलात आहे. तेव्हा विचारायचे जन्म कुठल्या जातीत झाला, आता विचारतात झोपडी कुठल्या तारखेला उभी राहिली. गावाला दगडाची वेस होती. शहरानं तारखेची वेस बांधली. मला सांगायचंय ते एवढंच की घराचा लढा हा फुकट फ्लॅटचा लढा नाही. ही वेस पाडायचा लढा आहे.

आता कुणी पांढरपेशा विचारील, तुम्हाला इथं बोलावलं होतं कुणी? त्याला उत्तर तयार ठेवा. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खडसावलं होतं. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिले. गाव सोडा, हे आपल्याला पोटानंही सांगितलं आणि विचारानंही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, नगरकडून माणसं आली ती मुंबई बघायला नाही आली. इथं येऊन कुणी गटार उपसलं, कुणी गोदीत पाठ मोडली, कुणी गिरणीत राबलं. गिरणीतही विणकाम खात्यात आपल्याला घेत नसत. का? तर सूत तोंडानं ओलं करावं लागे. थुंकी विटाळायची त्यांना! घाम नाही विटाळला कधी.

हे शहर आपण बांधलं. राहायला काय मिळालं? ज्यांचं नशीब बरं, त्यांना बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली. बाकीच्यांना नाला, खाडी, रेल्वेची कड, पाण्याच्या पाइपाची कड. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. त्याच साली बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले होते. तिकडं आपण पाण्याला हात लावला आणि इकडं शहरानं आपल्यासाठी कचऱ्याची जागा नेमून टाकली. त्या कचऱ्याच्या भोवती गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगर, मानखुर्द वसलं. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. योगायोग म्हणता? गावकुसाबाहेर महारवाडा कुठं असायचा ते आठवा, म्हणजे योगायोग कळेल. आणि आज तिथं आपल्यासंगं मुसलमान आहे, मातंग आहे, भटका आहे, उत्तरेतून आलेला मजूर आहे. ज्याला गावानं हाकललं तो प्रत्येकजण तिथं आहे.

आता तारखांचा इतिहास ऐका. पाठ करा. उद्या वॉर्ड ऑफिसात कामाला येईल.

जानेवारी १९७६. आणीबाणी चालू. सरकारनं मुंबईतल्या झोपड्या मोजल्या, फोटोपास दिले. लोकांना वाटलं, चला, आता आपण माणसांत आलो. मे महिन्यात ट्रॉम्ब्याची जनता कॉलनी तोडली. ती वस्ती पालिकेनंच आधी तिथं आणून बसवलेली. सत्तर हजारांच्या आसपास माणसं उचलून चित्ता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. मोजणी जानेवारीत, तोडफोड मे महिन्यात. फोटोपासाची किंमत चार महिने!

१९८१ च्या जुलैमध्ये, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी फूटपाथवरच्या माणसांना शहराबाहेर घालवायचा हुकूम काढला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १० जुलै १९८५ ला निकाल लागला, ओल्गा टेलिस खटल्याचा. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टानं मान्य केलं. फार मोठी गोष्ट. कायद्याच्या पुस्तकात सोन्यानं लिहितात. पण पुढचं पान कुणी वाचत नाही. पुढच्या पानावर म्हटलंय, रीतसर नोटीस देऊन, पावसाळा गेल्यावर काढा. पर्यायी जागा मात्र १९७६ च्या मोजणीचं ओळखपत्र असेल त्यालाच. म्हणजे हक्क सगळ्यांना आणि जागा तारीखवाल्यांना. वेस अशी कोर्टातून पक्की होऊन आली.

मग तारीख सरकत गेली. १९७६ ची १९८५ झाली, १९९५ झाली, २००० झाली. पैसे भरून घर घ्यायचं असेल तर २०११. कशानं सरकली? निवडणुकीनं. आणि लोकांच्या रेट्यानं. १९८६ साली कफ परेडचं संजय गांधी नगर तोडलं तेव्हा निवारा हक्कवाल्यांनी उपोषण केलं, शबाना आझमी बसल्या, तेव्हा कुठं त्या लोकांना दिंडोशीला जागा मिळाली. भांडल्याशिवाय काही मिळालं नाही. आणि मतं दिल्यावर काय मिळतं तेही बघा. २००४ च्या निवडणुकीत २००० पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देऊ म्हणाले. निवडून आले. त्याच हिवाळ्यात ऐंशी हजारांच्या वर झोपड्या जमीनदोस्त केल्या. मानखुर्दच्या मंडाळ्यात राखेवर पाल ठोकून माणसं राहिली. तिथून घर बचाव घर बनाव आंदोलन उभं राहिलं.

तारीख पुढं सरकते म्हणून आपण खूश होतो. च्यायला, वेस चार हात पुढं नेली म्हणून ती पडते का? तिच्या बाहेर कुणीतरी उरतोच. कोण उरतो? भाड्यानं राहणारा. माळ्यावर राहणारा. नवऱ्यानं टाकलेली बाई, जिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. नाक्यावर उभा राहणारा, जो दर दोन वर्षांनी वस्ती बदलतो. आणि ज्याचे कागद गेले तो. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीकाठच्या माणसांची रेशनकार्डं वाहून गेली. वस्तीला आग लागते तेव्हा पहिल्यांदा कागद जळतात. मग साहेब विचारतो, पुरावा?

धारावीत तर एकाच गल्लीत तीन वर्ण केलेत. तळमजल्यावर १ जानेवारी २००० च्या आधीपासून असाल तर धारावीतच ३५० फूट, फुकट. २००० ते २०११ मधले असाल तर धारावीबाहेर ३०० फूट, अडीच लाख मोजून. त्यानंतरचे असाल किंवा माळ्यावरचे असाल तर बाहेर, भाड्यानं. आणि बाहेर म्हणजे कुठं? मिठागरं आणि देवनारची कचराभूमी यासाठी देऊ केलीय. फिरून फिरून त्याच कचऱ्यावर! मनूनं तरी वेगळं काय सांगितलं होतं?

आता 'फुकट'चा हिशेब करू. १९९५ साली युतीनं चाळीस लाख लोकांना फुकट घरं द्यायची घोषणा केली. त्यासाठी झोपु प्राधिकरण काढलं. नावातच झोप, त्यामुळं तीस वर्षांत ती घोषणा काही पुरी झाली नाही. पण योजना कळून घ्या. बिल्डर तुमच्या वस्तीच्या जमिनीवर तुमच्यासाठी इमारत बांधतो. तिचा मोबदला म्हणून त्याला वाढीव चटई क्षेत्र मिळतं, विकायला. म्हणजे तुमच्या घराची किंमत कोण देतं? तुमच्या पायाखालची जमीन देते. तुम्ही नाला बुजवून, दलदलीत भराव घालून जी जमीन केलीत, ती. मग हे फुकट कसं? तुम्ही जमिनीचा सौदा केलाय, फक्त सौदा करताना तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

म्हणूनच जिथं जमिनीला भाव तिथं बिल्डरांची रांग लागते आणि डंपिंगच्या कडेला वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही. गरज कुठं आहे ते बघून नाही, भाव कुठं आहे ते बघून घरं बांधली जातात.

आणि घरं कसली! आधी २२५ फूट, मग २६९, आता ३००. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतीत इमारती एकमेकींना इतक्या चिकटून, की खालच्या मजल्यांवर दिवसा दिवे लावावे लागतात. आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू यांच्या २०१८ च्या अभ्यासानं दाखवलं, की ऊन आणि वारा न शिरणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त आहे. माहुलला तर रिफायनरीच्या तोंडाशी माणसं नेऊन ठेवली, तानसा पाइपलाइनवरून उठवलेली. ती बोंबलली, विद्याविहारच्या फूटपाथवर महिनोन् महिने बसली, तेव्हा २०१९ ला हायकोर्टानं दरमहा १५ हजार भाडं द्यायला सांगितलं. झोपडीत निदान दार उघडलं की हवा यायची.

कुणी म्हणेल, मग बाजारात जाऊन घ्या ना घर, नोकऱ्या आहेत आता तुमच्याकडं. जाऊन बघा. दलाल आधी आडनाव विचारतो, मग मटण खाता का विचारतो. आणि सहकारी सोसायटीनं सभासद फक्त एका समाजाचे घ्यायचे ठरवलं तर ते चालतं, असा सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आहे, अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणातला. म्हणजे झोपडपट्टीत तारीख आडवी येते आणि सोसायटीत जात. पगार वाढला म्हणून वेस ओलांडता येत नाही, हे शिकलेल्या पोरांनी नीट ऐकावं.

पण वेस पडते. पाण्याच्या बाबतीत पाडलीय. तारखेनंतरच्या झोपड्यांना पालिका नळ देत नव्हती. पाणी हक्क समितीनं हायकोर्टात धाव घेतली. डिसेंबर २०१४ ला कोर्ट म्हणालं, वस्ती बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महाडपासून मोजलं तर ८७ वर्षं लागली. जे पाण्याला लागू, ते छपराला का नाही? तहानेला तारीख नाही, तर मग झोपेला का?

बिल्डरवाचून घरं होत नाहीत, हेही खोटं आहे. वरळीची बीडीडी चाळ बघा. तिथल्या दंगलीच्या दिवसांतच, १० जानेवारी १९७४ ला, परळला आपला भागवत जाधव पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ भाडेकरूंना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बांधणारी म्हाडा, म्हणजे सरकारी यंत्रणा. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्या नगराचं कामही आता एमएमआरडीए आणि झोपु प्राधिकरण मिळून करतायत. मी म्हणत नाही की तिथं सगळं गोड आहे. बीडीडीवाले सरकारचे भाडेकरू, त्यांच्याकडं पावत्या होत्या. कागद होता म्हणून ५०० फूट. पण सरकार मनात आणलं तर बांधू शकतं, एवढं तर सिद्ध झालं. मग ज्याच्याकडं पावती नाही त्याच्यासाठी का बांधत नाही? आणि कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रानं २००७ ला मोडीत काढला, तेव्हा श्रीमंतांच्या जमिनीला कुणी तारीख विचारली?

आता शेवटचं, कडू बोलतो. रागवायचं त्यांनी रागवा.

बिल्डर वस्तीत एकटा येत नाही. आपलाच एखादा पोरगा त्याला घेऊन येतो. गळ्यात निळा पंचा, खिशात संमतीपत्रं. जयंतीची वर्गणी बिल्डर देतो आणि डीजेच्या आवाजात सह्या होतात. एक्कावन्न टक्के झाले की उरलेल्यांना कायद्यानं उठवता येतं. ज्या दिवशी अपात्रांच्या झोपड्यांवर तोडकाम येतं, त्या दिवशी पात्र माणूस दार लावून घेतो. हीच ती शिडी, बाबासाहेबांनी जिच्यावर बोट ठेवलं होतं. प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी हवा असतो. ही दलाली मोडल्याशिवाय बाहेरची वेस पडायची नाही.

मग करायचं काय? चार कामं घेऊन जा.

एक. आपल्या वस्तीची मोजणी आपण करा. भाडेकरू, माळ्यावरचा, एकटी बाई, सगळे त्यात हवेत. प्रत्येक घराच्या कागदांच्या नकला काढून दोन ठिकाणी ठेवा.

दोन. अपात्र ठरलेल्यांचं अपील वस्तीनं मिळून करा. एकेकटा माणूस साहेबाच्या टेबलापाशी हरतो.

तीन. संमतीपत्रावर सही सभेत, सगळ्यांसमोर. करार मराठीत वाचून दाखवल्याशिवाय नाही. संक्रमण काळाचं भाडं किती, कधीपर्यंत, इमारतीत अंतर किती, लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च कोण देणार, हे लिहून घ्या.

चार. मागणी एकच ठेवा. जो शहरात राबतो त्याला शहरात घर. तारीख रद्द. सरकारी जमीन बिल्डरला नाही, घरांसाठी. विकत झेपत नसेल त्याला परवडणाऱ्या भाड्यात, पण तो कामाला जातो त्याच्या जवळ. आणि जोवर एकही अपात्र आहे तोवर पात्रानं चावी घेताना त्याच्यासाठी भांडायचं.

हे चौथं सगळ्यात अवघड आहे. बाकीची तीन कागदाची कामं आहेत. चौथ्याला माणूस लागतो.

जय भीम.