विचारायला सहा दिवस लागले



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तरी आज एचआयव्हीवर बोलायला उभा आहे, त्याला कारण माझा भाचा.

भाचा १९ वर्षांचा, कॉलेजात शिकतो. गेल्या वर्षी एका रात्री त्याचा फोन आला. "मामू, अम्मीला सांगणार नसाल तर एक विचारू? माझ्या एका मित्राने कंडोम न वापरता संबंध ठेवला. त्याला आता एड्स होईल का?"

मित्र कोण, हे मी विचारलं नाही. "किती दिवस झाले?" एवढंच विचारलं.

"सहा."

मलाही धड उत्तर येत नव्हतं. शाळेत आमच्या सरांनी प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला होता. शेवटी आम्ही १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन केला. तिथे कळलं की अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलं, तर संसर्ग टाळणारी औषधं सुरू करता येतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. आमचे ७२ तास कधीच उलटून गेले होते.

मग सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत तपासणी झाली. संसर्ग लगेच तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण ते तीन महिने त्या मुलाने कसे काढले, ते मी पाहिलं आहे.

ते सहा दिवस का गेले? घरात आई-वडील होते, मोठा भाऊ होता, मी होतो. विचारावं असं कुणीच वाटलं नाही.

आपल्याकडे या गप्प बसण्याला आपण शरम म्हणतो. मर्यादा पाळणं चांगलंच. लग्नाआधी संबंध नको, असं कुणी ठरवलं तर त्याचा मान राखा. कुणी "नाही" म्हटलं, तर तो शब्द शेवटचा माना. पण अज्ञान म्हणजे मर्यादा नव्हे. आणि लग्न ही काही लस नाही. जोडीदाराला संसर्ग असेल आणि त्यालाच ते माहीत नसेल, असंही होतं. निकाहाआधी दोघांनी राजीखुशीने तपासणी केली, तर त्यात कुणाचाच अपमान नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची पुरेशी, अचूक माहिती देशातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांनाच होती. म्हणून साध्या गोष्टी पाठ करा. हा विषाणू असुरक्षित संबंधातून, दूषित सुईतून, दूषित रक्तातून आणि आईकडून बाळाला जातो. डास चावल्याने, मिठी मारल्याने, एका दस्तरखानावर एकाच ताटात जेवल्याने जात नाही. कंडोम दर वेळी नवा, मुदत पाहून, नीट वापरला तर धोका खूप कमी होतो. संसर्ग झालाच, तरी रोज औषध घेऊन माणूस दीर्घ आयुष्य जगतो. अशा माणसाला शाळेतून, नोकरीतून वा घरातून काढणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतं की नाही, हा वाद घालत बसू नका. त्या कायद्याने भेदभावाला बंदी आहे, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

१८ वर्षांखालच्या मुलांना तपासणीसाठी पालकांची संमती लागते. म्हणजे घरातलं मोठं माणूस बोलण्याजोगं नसेल, तर त्या मुलाची वाटच बंद होते.

उद्या तुमच्या धाकट्या भावाने किंवा बहिणीने असा प्रश्न केला, तर आधी "तुला कशाला हवंय?" म्हणू नका. "किती दिवस झाले?" विचारा, आणि सोबत जा.