जंत: लाजायचं नाही, धुवायचं आणि गोळी घ्यायची

आम्ही मोहर्लीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज विषय जंतांचा. यात लाजण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत. आपल्या देशात १ ते १४ वर्षांच्या २२ कोटींहून जास्त लेकरांना त्यांचा धोका आहे.

गोड खाल्ल्यानं जंत होतात असं आपण म्हणतो. ते खरं नाही. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. उघड्यावर शौचाला बसलं की अंडी मातीत जातात, ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. मग न धुतलेल्या सांबारावरून, मुळ्यावरून, मातीच्या हातावरून तोंडात जातात. डोळ्याला दिसत नाहीत. आकडेकृमी मात्र बहुतेक वेळा अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. आपल्यातल्या कितीतरी जणींचं रक्त आधीच कमी. त्यात ही भर.

२०१५ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, तेव्हा पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता. १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांखालच्या लेकराला अर्धी, चुरून. मोठ्यांनी चावून खायची. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे ठरलेले दिवस. आपल्या गावची तारीख आशाताईला विचारा.

काही जणी म्हणतात, “आमचं पोर धडधाकट आहे, त्याला कशाला?” थोडे जंत असले तर वरून काहीच दिसत नाही, पण अंडी बाहेर पडतच राहतात आणि शेजारच्या पोराला लागण होते. म्हणून गोळी सगळ्यांना. नंतर थोडं मळमळलं, पोट दुखलं तर घाबरू नका. जंत जास्त असले की तसं होतं आणि लवकरच थांबतं. लेकरू आजारी असेल तर त्या दिवशी देऊ नका, बरं झाल्यावर द्या. गरोदर बाईनं पहिले तीन महिने घ्यायची नाही. पुढे दवाखान्यात विचारून घ्यावी.

पण गोळीनं पोट साफ होतं, माती नाही. म्हणून भाजी दोन-तीन पाण्यांनी धुवा, जेवणाआधी आणि शौचानंतर साबणानं हात धुवा, पायात चप्पल घाला. ज्या घरी संडासात सरपण रचलंय, ते आधी बाहेर काढा. आपल्याकडे पहाटे जंगलाकडे बसायला जाणं म्हणजे वाघाचीही भीती. संडास वापरला तर दोन्ही संकटं टळतात.

शाळेत न जाणाऱ्या पोरांनाही ही गोळी अंगणवाडीत मिळते. गटाच्या पुढच्या बैठकीत अशा पोरांची नावं लिहा आणि अंगणवाडीताईला द्या. एकही पोर सुटू नये.