घरातील इंटरनेटची गती आणि आपला हक्क

(कुटुंबमेळाव्यात एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंटरनेट ही चैनीची वस्तू आहे, तिच्या गतीची चर्चा श्रीमंतांनी करावी, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटते. हा समज आपल्या मुलांना महाग पडणारा आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर करावा लागतो व दाखले तेथेच अपलोड करावे लागतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी कागद अर्ध्यावर अडकला, तर मुलाची गुणवत्ता काय कामाची? हक्क कायद्याने दिला. पण त्या हक्कापर्यंतची वाट आज तारेतून जाते.

प्रथम ब्रॉडबँड कशाला म्हणावे, ते पाहू. सरकारच्या व्याख्येनुसार २००४ साली किमान गती २५६ किलोबिट होती. पुढे ती ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये सेकंदाला २ मेगाबिट ठरली. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. गती मेगाबिटांत सांगतात, कागदपत्राचा आकार मेगाबाइटांत असतो आणि ८ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट येतात. दुसरे असे की, ही व्याख्या फक्त डाउनलोडची गती सांगते. अपलोडविषयी ती मौन पाळते. अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याचे काम मात्र अपलोडवाचून होत नाही. म्हणून जोडणी घेताना दोन्ही गती विचारा.

आता खेड्यांकडे वळू. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली; तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. परंतु ग्रामपंचायतीच्या कचेरीत तार आली म्हणजे ती आपल्या वस्तीत आली, असे होत नाही. ज्या गावांत ग्रामपंचायत नाही, तेथे मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद या कार्यक्रमात आहे. मागणीनुसार या शब्दाचे महत्त्व ओळखा. जो मागणार नाही, त्याची नोंदच होणार नाही. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा आणि ठरावाची प्रत घ्या.

न्यायालये काय म्हणतात? केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली, फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात, इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे सांगितले. या निर्णयांवरून सरकारने घरोघर फुकट जोडणी द्यावी, असा अर्थ कोणी काढू नये. परंतु ही मागणी भीक नव्हे, एवढे त्यांवरून निश्चित ठरते.

पैसे घेऊन कबूल केलेली गती न मिळाल्यास काय करावे? संगणक राउटरला तारेने जोडून गती मोजा. भिंतीपलीकडच्या वाय-फायवर मोजलेल्या गतीवरून कंपनीचा दोष सिद्ध होत नाही. निरनिराळ्या वेळी मोजून तारीखवार नोंद ठेवा. करारात “पर्यंत” हा शब्द आहे काय, डेटाची मर्यादा संपल्यावर गती किती उरते, हे वाचा. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. दाद न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे रुचो वा न रुचो, तुम्ही ते जाणून असावे.

बंधुभगिनींनो, तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते. प्रत्येक घरात तक्रारींची एक वही असू द्या, आणि ती लिहिण्याचे काम घरातील शिकणाऱ्या मुलीकडे द्या. हक्क कसा मागावा, हे ती त्यातूनच शिकेल.