पावसात गोंद का सुकत नाही?



सुरतेच्या लिंबायत भागात मी रविवारी विज्ञानाचा वर्ग घेते. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या घरांतली. वडील लूमवर नाहीतर मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. सुरत महानगरपालिकेच्या शाळा सात भाषांच्या माध्यमांत चालतात, त्यात मराठीही आहे. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना हे खरंच वाटत नाही!

नववीतल्या एका मुलीची गोष्ट. प्रश्न होता, 'बाष्पीभवनाच्या दरावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा.' तिनं जागा कोरी सोडली होती. मी विचारलं, "टिकल्यांचं काम लवकर कधी उरकतं गं?"

"उन्हाळ्यात, ताई. पावसात गोंद सुकतच नाही. ओली साडी घडी घातली की चिकटते, मग शेठ पैसे कापतो. म्हणून साडी पसरून ठेवायची आणि वर पंखा."

तापमान, आर्द्रता, पृष्ठभाग, वारा. चारही घटक आले. कागदावर मात्र शून्य.

आपण लगेच म्हणतो, परिभाषा अवघड आहे. पण गुजरातीतही बाष्पीभवनच म्हणतात. माध्यम बदलून गेलेल्या मुलांना नव्या पुस्तकात हाच एक शब्द ओळखीचा भेटतो. अडतं ते त्याच्या आजूबाजूच्या वाक्यांत. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी पालिका शाळांतल्या मुलांसाठी नेमकं हेच हाती घेतलं होतं: संकल्पना तीच, भाषा सोपी. इतकी वर्षं झाली, तरी आपली पुस्तकं 'स्पष्ट करा'च्या पुढे फारशी सरकलेली नाहीत.

साधनांचं म्हणाल, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आहे, ग्रंथालय आहे, कुंपणाची भिंतसुद्धा आहे. प्रयोगशाळा नाही. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. चांगलंच आहे. पण आमच्याकडे एकदा एक मंडळी रोबोटचे चार संच घेऊन आली. चाळीस मुलं. संच मुलग्यांच्या हातात, मुली मागे उभ्या. फोटोत सगळे हसताहेत.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. जे साहित्य प्रत्येकाच्या हातात येणार नाही, ते वर्गात आणायचं नाही. त्यामुळे आमच्याकडे ताटल्या, चिंध्या, चमचे आणि घड्याळ. दुसरा बदल वेळेचा. संध्याकाळच्या वर्गाला मुली येत नसत. आम्हाला वाटायचं, घरचे सोडत नाहीत. खरं कारण निराळंच निघालं. संध्याकाळी माल परत द्यायचा असतो. वर्ग रविवारी दुपारी हलवला आणि मुली आल्या. हे आम्ही आधी विचारायला हवं होतं.

त्या मुलीनं नंतर तोच प्रश्न साडीचं उदाहरण देऊन लिहिला. वही परत देताना तिनं मला विचारलं, "मग ताई, नेलपॉलिश पावसातही लगेच कसं सुकतं?"

हवेत पाण्याची वाफ भरलेली असते, नेलपॉलिशमधल्या द्रवाची नसते, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. म्हटलं, पुढच्या रविवारी बाटली घेऊन ये. गोंद मी आणते. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघू.